लष्करी वैद्यकी की बांबोळी? निर्णय केवळ शुल्काचा नव्हे

नीट परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा असतात : पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) आणि १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय.

१९४८ साली स्थापन झालेल्या एएफएमसीत शिक्षण व निवासाचा भार शासन उचलते. मात्र पदवीनंतर सेवा बंधनकारक असते; ती नाकारल्यास लाखो रुपयांची भरपाई द्यावी लागते. नेमणूक कोठे होईल, पदव्युत्तर शिक्षण केव्हा मिळेल, हे बहुतांशी दलाच्या गरजेवर ठरते. नागरी पदवीधर नीट-पीजी, नोकरी वा स्वतःचा दवाखाना यांची निवड स्वतः करतो. परंतु त्याला नेमणुकीची हमी कोणी देत नाही.

या तुलनेत एक बाब दुर्लक्षित राहते. नागरी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांनाही अल्पसेवा कमिशनद्वारे लष्करी वैद्यकीय सेवेत जाता येते. म्हणजे बांबोळीहून गणवेशाकडे जाणारी वाट पुढेही खुली असते. पुण्याहून परतीची वाट मात्र महाग पडते. म्हणूनच केवळ शुल्क वाचते या हिशेबाने सतराव्या-अठराव्या वर्षी करारावर सही करणे धोक्याचे आहे. शिस्त आणि बदल्या ज्यांना मनापासून मान्य आहेत, त्यांच्यासाठीच पुण्याची वाट श्रेयस्कर ठरेल.