पर्यटक परतेपर्यंत बेंगळुरूने काय सांगावे?

पर्यटन हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील तीनपैकी एकाही सूचीत त्या नावाने नोंदलेला नाही. सराया आणि देशांतर्गत तीर्थयात्रा राज्यसूचीत, राष्ट्रीय महत्त्वाची प्राचीन स्मारके केंद्राच्या सूचीत आणि पर्यटक मात्र मधल्या मोकळ्या जागेत, अशी ही वाटणी आहे. एखाद्या खासदाराने आपल्या शहराबद्दल प्रश्न विचारला की लेखी उत्तरात ‘पर्यटनस्थळांचा विकास ही प्रामुख्याने राज्यांची जबाबदारी आहे’ हे वाक्य हमखास येते. ते घटनेला धरून आहे आणि मंत्रालयाच्या सोयीचेही आहे.

करोनाच्या काळात ही सोय विशेष उपयोगी पडली. २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक भारतात आले होते. २०२१ मध्ये ही संख्या जेमतेम १५ लाखांवर आली. नोव्हेंबर २०२१ पासून पर्यटक व्हिसा सर्वसाधारणपणे पुन्हा सुरू झाले, पहिले ५ लाख व्हिसा विनाशुल्क देण्याची घोषणाही झाली. तरी २०२४ मध्येही एक कोटीचा आकडा गाठला गेला नाही. पाहुणा येईना, अशा वेळी त्याला बोलावण्याचा खर्च वाढावा ही साधी अपेक्षा. परंतु २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परदेशातील प्रसिद्धीसाठीची तरतूद अवघ्या ३ कोटींच्या आसपास उतरली. ‘देखो अपना देश’ या मोहिमेने देशांतर्गत प्रवाशाकडे मोर्चा वळवला, तो योग्यच होता. पण घरच्या माणसाला काय दाखवायचे हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

बेंगळुरूपुढे तो अधिक अवघड आहे. हम्पी आणि म्हैसूर यांना ‘स्वदेश दर्शन’च्या दुसऱ्या टप्प्यात स्थान मिळाले. राजधानीकडे मात्र पर्यटक म्हैसूरकडे जाताना एक रात्र काढण्याचे गाव म्हणून पाहतो. तिथली हॉटेले भरतात ती मुख्यतः कामासाठी आलेल्या माणसांनी. बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरच्या मारतहळ्ळीची गोष्ट त्याहून वेगळी नाही. संगणक कंपन्यांच्या आधाराने वाढलेल्या या उपनगरात पुण्या-नागपूरकडची मुले हजारोंनी भाड्याने राहतात. मार्च २०२० मध्ये कंपन्यांनी काम घरी पाठवले, तेव्हा मुले खोल्या सोडून गावी गेली आणि खानावळींपासून रिक्षांपर्यंत सारे एका दमात बसले. जे शहर केवळ कार्यालयांच्या भरवशावर पाहुणे मिळवते, त्याची ही कसोटी होती. लालबागेतले पुष्पप्रदर्शनही त्या काळात खंडित झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा भरले. १८८९ चे काचघर आणि २४० एकरांची बाग एवढी एकच ओळख किती काळ पुरवायची?

वास्तविक मारतहळ्ळीच्या वाटेवरच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे वारसा केंद्र आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली याच शहरात घडलेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान जून १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि १९७१ च्या युद्धात लढले. मारतहळ्ळी हे नाव याच मारुताशी जोडणारी एक कथा तिथे ऐकायला मिळते, दुसरी ते मराठ्यांशी जोडते. नावाचा निवाडा भाषातज्ज्ञांनी करावा. बेंगळुरूशी मराठ्यांचा संबंध सिद्ध व्हायला या नावाची मुळीच गरज नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने हे ठाणे जिंकल्यावर विजापूर दरबाराने ते शहाजीराजांना जहागीर दिले. बालशिवाजींचा काही काळ इथे गेला. मल्लेश्वरमला नाव देणाऱ्या काडू मल्लेश्वर मंदिराचे श्रेय व्यंकोजीराजांना दिले जाते. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि ते ३ लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. शहाजीराजांची समाधी दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे आहे. केंपेगौडा, भोसले, वडेयर, हैदर अशी सलग कहाणी सांगू शकणारे शहर आपल्या जाहिरातीत ‘उद्यानांची नगरी’च्या पुढे फारसे जात नाही.

याचे कारण उघडपणे कुणी बोलत नाही. शहाजी-व्यंकोजींचा उल्लेख आला की बंगळुरूत सीमावादाची आठवण होते. मुंबईत त्याच उल्लेखाला मालकीहक्काचा सूर लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, त्यामागोमाग बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या वाहकाला मारहाण झाली आणि बेंगळुरूहून मुंबईकडे निघालेल्या आपल्या एसटीच्या चालकाला चित्रदुर्गजवळ काळे फासण्यात आले. एसटीची कर्नाटकातील सेवा थांबवावी लागली. आधी कुणी हात उगारला याची मोजदाद दोन्ही राज्यांत होते. बुडालेल्या फेऱ्यांची होत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २३ राज्यांतील ४० पर्यटन प्रकल्पांना ३,२९५ कोटींचे ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज मंजूर केले. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला दोन प्रकल्प आले. एक बेंगळुरूजवळील तातगुणीची रोरिख-देविकाराणी यांची वसाहत, दुसरा बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर. पहिल्याने राजधानीला कार्यालयांपलीकडचे काही दाखवता येईल. दुसऱ्याचा यात्रेकरू मोठ्या संख्येने कोल्हापूर-सांगलीचा आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेला तो एसटीने जातो. ही पौर्णिमा बहुधा डिसेंबरात येते, म्हणजे बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते आणि सीमाप्रश्न तापतो त्याच सुमारास. २०२२ मध्ये पौर्णिमा ७ डिसेंबरला होती. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली ती ६ डिसेंबरला. पर्यटन मंत्रालयाच्या फाईलीत डोंगरावरच्या सुविधांचा तपशील आहे. त्या आठवड्यात गाड्या सुरू राहतील याची हमी दोन्ही राज्यांच्या परिवहन आणि गृह खात्यांनी यात्रेआधी एकत्र बसून द्यायला हवी. त्यासाठी दिल्लीने कर्ज देण्याची गरज नाही.