भोंगा कोणी वाजवायचा?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद राहतात. करोनाकाळात ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हातात फोन आले ते शाळा उघडल्यावरही सुटेनात, म्हणून गावाने हा उपाय काढला. आम्ही राहतो ते अमेरिकेतलं रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाचं गाव. उन्हाळ्यात इथलं घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असतं. म्हणजे वडगावात भोंगा होतो तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. साधारण याच वेळेबद्दल मायक्रोसॉफ्टच्या २०२५ मधल्या एका अहवालात नोंद आहे, की सकाळी ६ वाजता ऑनलाइन असलेल्या लोकांपैकी ४० टक्के लोक ईमेल चाळत असतात. तिकडे एक गाव फोन खाली ठेवतं, त्याच सुमारास इकडे चहाआधी फोन हातात येतो. वडगावची माणसं आपल्यापेक्षा अधिक संयमी आहेत, असा याचा अर्थ मात्र नाही.

फोनची सवय हा मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, असं आपण धरून चालतो. मग उपायही तसेच शोधतो: नोटिफिकेशन बंद करा, रविवारी डिजिटल उपास करा. पण धोक्याची माहिती असली की माणूस सावध होतो, हे खरं असतं तर रेडमंड केव्हाच सुधारलं असतं. शम्सी इक्बाल आणि एरिक हॉर्विट्झ या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्याच २७ कर्मचाऱ्यांचं संगणकावरचं काम दोन आठवडे नोंदवून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. ईमेल किंवा मेसेजची सूचना आली की माणसाची सरासरी दहाएक मिनिटं त्यातच जातात आणि मूळ कामात पुन्हा बुडायला आणखी दहा ते पंधरा मिनिटं लागतात, असं त्यांना दिसलं. त्यानंतर अठरा वर्षांनी आलेल्या वरच्याच अहवालानुसार, ज्यांच्यावर संदेशांचा मारा सर्वाधिक असतो अशांना कामाच्या वेळेत दर दोन मिनिटांनी मीटिंग, ईमेल किंवा मेसेज अडवतो. म्हणजे ज्ञान घरातच होतं, तरी व्यत्यय थांबले नाहीत. कारण एकट्याने फोन ठेवला तरी समोरचा पाठवायचा थांबत नाही, आणि उत्तराची अपेक्षाही सुटत नाही.

इथल्या मराठी घरांत या अपेक्षेला आणखी एक वजन आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर नवी नोकरी, दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट यांपैकी काहीतरी ठरवायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा माणसाला रात्री नऊच्या मेसेजकडे दुर्लक्ष कर म्हणून सांगणं सोपं असतं. वडगावच्या भोंग्याचं मोल इथेच कळतं. तो सगळ्यांसाठी एकदम वाजतो, म्हणून फोन बंद ठेवल्याने कुणी एकटा मागे पडत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आईवडील पुण्या-साताऱ्यात आहेत, मग फोनशिवाय कसं चालेल? चालणार नाही, आणि चालवायची गरजही नाही. ठरवून केलेला व्हिडिओ कॉल हे व्यसन नव्हे. व्यसन लागतं ते न बोलावता येणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा बघायला लावणाऱ्या गोष्टींचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गावाने घरात डोकावावं, हे स्वातंत्र्यात बसत नाही. खरंच आहे, रेडमंडमध्ये असा भोंगा कुणी ऐकून घेणार नाही, घेऊही नये. पण आजही आपली वेळ आपण ठरवत नाही. ती दुसऱ्या टाइमझोनमधला, मीटिंग लावणारा कुणीतरी ठरवतो. भोंगा आताही वाजतोच आहे, फक्त तो काम सुरू करण्याचा आहे.

म्हणून कमी तंत्रज्ञानात जगण्याची सुरुवात फोन उचलणाऱ्यापासून करण्यात अर्थ नाही. ती पाठवणाऱ्यापासून व्हायला हवी. रेडमंडमधली बरीच मराठी मंडळी आता चार-दहा जणांच्या टीम सांभाळतात. तुमच्या हाताखाली माणसं असतील, तर संध्याकाळी सहानंतर सुचलेला मेसेज सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवा आणि तसं टीमला एकदा स्पष्ट सांगा. वडगावात भोंगा गावाने वाजवला. इथे तो तुम्हालाच वाजवावा लागेल.