गोणी उचलणाऱ्याचा व्यायाम
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका तरुण माथाडीने परवा मला मोबाइलवर आपला जिमचा तक्ता दाखवला: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय, असे आठवड्याचे सहा दिवस. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला हा तक्ता ठीक. पहाटेपासून ५० किलोच्या गोण्या पाठीवर वाहणाऱ्याला तो घातकच. मानेखाली, जिथे गोणी टेकते तिथे, या पोराची कातडी जाड आणि काळपट झाली आहे. ट्रेनरने तेवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं. कंबरेला भार पोटापाण्याचा की हौसेचा, हे कळत नाही. ती दोन्हींचा हिशेब एकत्रच मांडते. माझं मत स्पष्ट आहे: अशा माणसाने आठवड्यातून दोनदाच, पाऊण तास जिमला जावं. एकदा आवक कमी असेल तेव्हा आणि एकदा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. डेडलिफ्ट नकोच, ती मार्केट रोज करून घेतं. त्याऐवजी कामात जे घडत नाही ते करावं: बारला लटकणं, पुल-अप, रोइंग, थोडं प्लँक. वजन तेच ठेवून सेट कमी केले तरी ताकद टिकते. गाड्या उशिरा आल्या, अंग आंबलं, तर खुशाल दांडी मारावी आणि उसळ-भाकरी, अंडी खाऊन झोपावं. स्नायू भरतात ते विश्रांतीतच. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला संरक्षण दिलं, पाठ मात्र त्याची त्यालाच जपावी लागते. ट्रेनरमंडळींना एकच विनंती: नव्या पोराला तक्ता देण्याआधी, “बाबा रे, काम काय करतोस?” एवढं विचारा.