फुकटच्या राखणीवर जगाचा दरवाजा

इंटरनेटचे बहुतेक सर्व्हर आज लिनक्सवर चालतात, आणि ते सांभाळणारा माणूस त्यांच्यासमोर बसलेला नसतो. तो शेकडो मैलांवरून 'एसएसएच' नावाच्या दरवाजाने आत शिरतो. पूर्वी टेलनेटमधून पासवर्ड उघडाच जाई, मधला कोणीही तो वाचून घेई. फिनलंडच्या एका विद्यापीठात अशी चोरी झाली तेव्हा १९९५ साली तातू युलोनेन यांनी हे कुलूप घडवले.

२०२४ साली याच कुलपाला चोरवाट पाडली गेली. काही लिनक्स आवृत्त्यांत एसएसएचबरोबर 'एक्सझेड' ही फाइली आवळणारी छोटी प्रणालीही चालू होई. ती सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, थकलेला. काम संथ चालते म्हणून अनोळखी नावे त्याला टोचत राहिली. 'जिया टॅन' या टोपणनावाने कोणीतरी दोन वर्षे राबून त्याचा विश्वास कमावला, आणि मग विष कालवले. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने मार्चअखेर ते पकडले. थोडक्यात निभावले!

प्रस्थापित म्हणतील, खुली प्रणालीच असुरक्षित. आम्हाला हे मान्य नाही. खुली होती म्हणूनच बाहेरच्या माणसाला ती उकलून पाहता आली. आमचा सवाल वेगळा आहे. या श्रमावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या राखणदाराला वेतन का देत नाहीत? राबणाऱ्याला शाबासकी आणि नफा मालकाला, हा व्यवहार आमच्या वाचकांना नवा नाही. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. मग त्यांच्या राखणीचा खर्चही अंदाजपत्रकात दाखवावा.