इमारतीवर नाव, पण समितीत कोण?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचारांसाठी आली. काळ्या रुग्णांचे वॉर्ड वेगळे असण्याचा तो काळ. उपचार करताना तिच्या गाठीचा तुकडा काढून संशोधनासाठी प्रयोगशाळेत दिला गेला. तिला विचारले नाही, सांगितलेही नाही. त्याच वर्षी ती वारली. तिच्या पेशी मात्र वाढत राहिल्या, ‘हेला’ या नावाने जगभर गेल्या, पोलिओची लस तपासताना कामी आल्या. कुटुंबाला याचा पत्ता लागायला वीसेक वर्षे गेली.

या संशोधनाने असंख्य जीव वाचले, यात वाद नाही. वाद आहे तो तिच्या शरीराबद्दलचा निर्णय कोणी घेतला याचा.

२०१३ मध्ये हेला पेशींचा जनुकीय आराखडाही कुटुंबाला न विचारताच प्रसिद्ध झाला. कुटुंबाने आक्षेप घेतला. तेव्हा ही माहिती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या गटात लॅक्स कुटुंबाचे प्रतिनिधी घ्यायचे, असा करार अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला करावा लागला. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने एका नव्या इमारतीला हेन्रिएटाचे नाव देण्याची घोषणा केली. नाव हा सन्मान झाला. त्या गटातली जागा हा अधिकार आहे.

ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची म्हणून सोडून देता येत नाही. या कर्करोगामागे एचपीव्ही विषाणू असतो, हे शोधताना हेला पेशींचाही उपयोग झाला. त्या शोधातून लस आली. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने आयसीएमआरच्या साथीने ती लस तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना देण्याचा प्रकल्प राबवला. खम्मममध्ये त्यात वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुली होत्या. सात मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध नसावा, असे चौकशी समितीने म्हटले. पण आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर चक्क वॉर्डनच्या सह्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयोगी आहे, म्हणून आईबापांना विचारण्याची गरज संपत नाही.

आज कायद्यात एक दार आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदेतज्ज्ञ असावेच लागतात. निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे हवेत. दलित-आदिवासींच्या प्रतिनिधित्वाची अट मात्र नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात खाटेवर कोण असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या खाटेवरच्या माणसाच्या वतीने समितीत कोण बोलते, हे विचारायला हवे.

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. आपली मते दुसऱ्या कोणी मांडणे पुरेसे नाही, आपली माणसे तिथे प्रत्यक्ष असली पाहिजेत. कायदेमंडळाला लागू पडणारा हा न्याय वैद्यकीय महाविद्यालयाला का नको?

घरात आलेला प्रत्येक फॉर्म वाचण्याचे काम आपल्या पिढीकडेच असते. तेच काम आता घराबाहेर न्यायचे आहे. आपल्या जिल्ह्यातील सरकारी मेडिकल कॉलेजच्या नैतिकता समितीत कोण आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. संमतिपत्र गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावले जाते का, ते पाहा. वकिली, समाजकार्य, समाजशास्त्र शिकलेल्यांनी त्या जागांवर दावा सांगावा. पदवी नोकरीसाठी आहेच. पण आपल्या माणसाला न विचारता त्याचा अंगठा उठवला जात असेल, तर तो कागद थांबवण्यासाठीही ती आहे.