भंगारातला सीआरओ आणि तिसरी पिन

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल. तिथे कुणीच ‘हे चालतं’ असं म्हणत नाही. ‘घरी लावून बघा’ म्हणतात. मीसुद्धा असाच एक सीआरओ घरी आणला. भारतीय बनावटीचा, २० मेगाहर्ट्झचा, ड्युअल ट्रेस, उचलताना कंबर बोलेल एवढा जड. किंमत म्हणाल तर दोन पिझ्झांची. घरी मित्रांची गँग जमली, एकाने मोबाइलचा कॅमेराही सुरू केला. ‘लाव ना यार, बघू धूर येतो का!’

मी प्लग उचललाही होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे वायरमन काका आले, म्हणाले, ‘किती वर्षं बंद आहे रे हे?’ मी म्हटलं, ‘काय माहीत काका.’ त्यांनी शांतपणे प्लग काढून घेतला. ‘मग आधी उघडून बघ की. घाई कसली?’

आत एका झुरळाचा सांगाडा, बोटभर धूळ आणि काचेच्या फ्यूजवर गुंडाळलेली तांब्याची तार. फ्यूज का उडतोय हे शोधण्याऐवजी कुणीतरी फ्यूजलाच गप्प केलं होतं! स्विच दाबला असता तर धूर नक्की आला असता. व्हिडिओ भारी झाला असता, सीआरओ गेला असता.

मला बोलायचंय ते या स्विच दाबण्याच्या घाईबद्दल. जुनी यंत्रं घरी दुरुस्त करावीत या मताचा मी आहे, अगदी ठाम. पण ‘आधी लावून तर बघू’ ही आपली सवय आहे ना, ती आपण कॉलेजातूनच घेऊन येतो.

आधी यंत्राचं. जाड ट्रान्सफॉर्मरवाली जुनी यंत्रं वर्षानुवर्षं बंद राहिली की त्यांच्यातले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बिघडतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर हेच त्यांचं इन्सुलेशन. तो वापराविना क्षीण होतो. एकदम २३० व्होल्ट दिले की त्यातून नको तेवढा करंट गळतो, कपॅसिटर तापतो आणि फुटूही शकतो. व्होल्टेज हळूहळू चढवलं तर थर पुन्हा तयार होऊ शकतो. मात्र फुगलेला किंवा गळलेला कपॅसिटर सरळ बदलावा, त्याच्यावर दया दाखवू नये. (एसएमपीएसवाल्या नव्या यंत्रांना हे हळूहळू चढवणं मानवत नाही, ती वेगळी जात.)

मग काकांनी त्यांचा सिरीज बोर्ड आणला. लाकडी फळी, एक होल्डर, एक सॉकेट, होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी इथे उपयोगाचा नाही, फिलामेंटच हवा. यंत्र या बल्बमधून जोडायचं. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सगळं व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि करंट ०.४३ ॲम्पिअरच्या पुढे जाऊ देत नाही. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. गंमत फिलामेंटची आहे. गरम असताना त्याचा रेझिस्टन्स सुमारे ५२९ ओहम, थंड असताना साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे तब्येत बरी असलेल्या यंत्राच्या तो फारसा आड येत नाही.

हीच युक्ती ह्यूलेट-पॅकार्डच्या पहिल्या उत्पादनात आहे, हे मला फार नंतर कळलं. १९३९चा २००ए ऑडिओ ऑसिलेटर. त्याच्या आउटपुटची पातळी स्थिर ठेवायला बिल ह्यूलेटने सर्किटमध्ये एक छोटा बल्ब टाकला होता. आउटपुट वाढलं की फिलामेंट तापणार, रेझिस्टन्स वाढणार, गेन आपोआप कमी होणार. त्याच्याच २००बी या मॉडेलचे आठ नग वॉल्ट डिस्नेने ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी घेतले. चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून मला नॉन-लिनिअर रेझिस्टन्सची व्याख्या पाठ होती. तो डोळ्यांनी पाहिला काकांच्या फळीवर.

पण खरं सांगायचं ते पुढेच. सिरीज बोर्ड यंत्र वाचवतो, माणूस वाचवत नाही. जीव जायला काही दशांश मिलिॲम्पिअर नाही, पण काही दहा मिलिॲम्पिअर पुरतात. बल्ब त्याच्या कितीतरी पट करंट सोडतो. डिमरस्टॅटचंही तेच. काटा शून्यावर आणला की आपण सुरक्षित, असं लॅबमध्ये अनेकांना वाटतं. डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर, त्याची एक तार थेट मेन्सचीच असते. प्लग उलटा बसला की तीच फेज. वेगळेपणा हवा तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याच्या पलीकडे घरचा आरसीसीबी तुमच्या मदतीला येत नाही हेही लक्षात ठेवावं लागतं. शिवाय सीआरओच्या पिक्चर ट्यूबला दोन हजार व्होल्टच्या आसपास लागतात, ते आपल्या साध्या मल्टिमीटरने मोजायचे नसतात. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, रेझिस्टरमधून उतरवायचा. काका तर चालू यंत्रात हात घालताना डावा हात खिशात ठेवतात. करंट छातीतून जायला वाट मिळू नये म्हणून. मी आता तेच करतो, आणि आईला मेन स्विच दाखवून ठेवलाय. ती म्हणाली, ‘असले उद्योग करतोस कशाला मग?’ प्रश्न चुकीचा नाही.

माझं उत्तर असं, की आम्हाला कॉलेजात या उद्योगाची संधीच मिळाली नाही आणि धोका मात्र रोज मिळाला. आमच्या लॅबमधल्या निम्म्या सीआरओंच्या प्लगला तिसरी पिन नव्हती. तोडलेली. का? प्रोबची काळी क्लिप आतून चॅसिसला आणि तिथून अर्थला जोडलेली असते. मेन्सवरच्या सर्किटला ती लावली की फाट! मग कुणीतरी सोपा इलाज काढला, अर्थच काढून टाकू. आता फाट होत नाही. आता क्लिप जिथे लावाल त्या व्होल्टेजला सीआरओचा अख्खा पत्रा आणि नॉब येतात, ज्यांना आपण हात लावून रीडिंग घेतो. मेन्स रेक्टिफाय केलेला असेल तर ३२५ व्होल्टपर्यंत. तिसरी पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती सर्वात आधी जोडली जावी आणि सर्वात शेवटी सुटावी म्हणून. तीच तोडायची? आणि इलाज तर पॅनेलवरच असतो. दोन प्रोब घ्या, चॅनल दोन इन्व्हर्ट करा, ‘ॲड’ दाबा, दोघांतला फरक पडद्यावर येतो. प्रोबची व्होल्टेज मर्यादा तेवढी बघायची. चार वर्षांत ते बटण मी एकदाही दाबलं नव्हतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजात डेड स्टॉकच्या खोलीत असे सीआरओ, सिग्नल जनरेटर, पॉवर सप्लाय राइट-ऑफची वाट बघत पडलेत. भंगारवाल्याला किलोवर द्यायच्या आधी ते आम्हाला द्या. दर वर्षी निम्मी बॅच लॅमिंग्टन रोडवरून रेडिमेड मिनी प्रोजेक्ट आणते, सरांना ते ठाऊक असतं, मार्कही मिळतात. त्याऐवजी चौघांना एक मेलेलं यंत्र, त्याचं मॅन्युअल आणि एक जाणता लॅब असिस्टंट द्या. जुन्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट डायग्राम असतो, कुठल्या पॉइंटला किती व्होल्ट हवेत तेही छापलेलं असतं. हल्लीच्या डिजिटल स्कोपबरोबर एवढं कोण देतं? यंत्र जिवंत नाही झालं तरी चालेल. का नाही झालं ते व्हायवात विचारा.

‘मुलांना शॉक लागला तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न येणार, यायलाच हवा. पण तो पिन तोडलेल्या सीआरओवर आम्हाला बसवताना कुणी विचारला नव्हता.

माझा सीआरओ तिसऱ्या आठवड्यात लागला. हिरवी रेघ आली, जरा तिरकी. ती सरळ करणारा स्क्रू मागे आहे म्हणे, शोधतोय. तोवर तुम्ही एक करा. पुढच्या प्रॅक्टिकलला वीज बंद असताना टेबलाखाली वाका आणि प्लगच्या पिना मोजा. दोनच निघाल्या तर आधी लॅब असिस्टंटना दाखवा आणि नवा प्लग बसेपर्यंत दुसऱ्या टेबलावर जा.