आभाळ, कुरडया आणि सातबारा

होळी झाली की आपल्या नामपूरकडे बायकांच्या अंगावर दोन कामं एकदम येतात. घरात कुरडया-पापड आणि शेतात उन्हाळ कांद्याची काढणी. दोन्हींना कडक ऊन हवं. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चीक शिजवायच्या दिवशीच आभाळ आलं तर सगळी मेहनत वाया! म्हणजे गहू भिजत घालतानाच पुढच्या चार-पाच दिवसांचं हवामान ठाऊक हवं. खरं तर हवामान अंदाजाची सगळ्यात गरजू गिऱ्हाईकं आपणच. पण तो येतो घरच्या पुरुषांच्या मोबाइलवर, आणि बऱ्याचदा तिथेच राहतो.

आता तो अंदाज वाचायचा कसा? मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार इशारे देतं, रंगांत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. मात्र हा रंग एकट्या आपल्या गावाचा नसतो, मोठ्या भागाचा असतो. नाशिक जिल्ह्यात 15 तालुके, त्यातले कितीतरी एकाच रंगाखाली येतात. गारपीट तर अशी की एका शिवारात पांढरा खच आणि शेजारच्या शिवारात धूळ. त्यामुळे "पिवळा सांगितला होता, काहीच झालं नाही" म्हणून पुढचा इशारा सोडून देऊ नये. टळलं ते आपल्यापुरतं टळलं, बाजूच्या गावाला विचारा.

फाल्गुन-चैत्रात गारा का पडतात, तेही समजून घेण्यासारखं आहे. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ जातात, त्यामुळे वरची हवा थंड असते. खाली जमीन तापलेली. त्यात समुद्राकडून बाष्प आलं की दुपारनंतर ढग भराभर उंच चढतात, वर पाणी गोठतं आणि खाली येतं ते गारा होऊन. म्हणून सकाळी स्वच्छ ऊन आणि चारला अंधार, असं होतं. 2014 मध्ये तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर हेच चाललं होतं.

पण मला सारखा आठवतो तो 2023 च्या मार्चमधला, पाडव्याआधीचा आठवडा. हवामान खात्याने अवकाळी पावसाचा आणि गारांचा इशारा दिला होता आणि तो खराही ठरला. नेमकं त्याच वेळी, 14 मार्चपासून, जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी संपावर गेले. पीक आडवं झालं आणि पंचनाम्याला कुणी नाही! संप मिटला 20 तारखेला. तोवर भिजलेला कांदा शेतात कसा ठेवायचा? तो सडतो, वेचावा लागतो, फेकावा लागतो. आणि ते वेचायला वाकतं कोण, हे वेगळं सांगायला नको.

त्याच दिवसांत कांद्याचे भावही कोसळले होते. दिंडोरीहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे निघाला होता. सरकारने आधी क्विंटलला 300 आणि मग 350 रुपये अनुदान जाहीर केलं. पण त्याला अट होती, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी. ज्यांनी मोबाइलवर नोंद केली नव्हती त्यांची किती धावपळ झाली! पुढे एप्रिलमध्ये आपल्या बागलाणातच गारांनी कांदा झोडपला. तेव्हा मुख्यमंत्री एकनाथ शिंदे नुकसान बघायला आले होते.

हे सगळं उगाळायचं कारण असं, की हवामानाचा इशारा आणि सातबाऱ्याचा कागद या दोन गोष्टी आता एकमेकींना बांधलेल्या आहेत. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान निदान 33 टक्के असावं लागतं (2015 आधी ही अट 50 टक्क्यांची होती) आणि ते पंचनाम्यातच ठरतं. खरीप 2023 ला एक रुपयाचा पीकविमा आला, तो 2025 मध्ये बंद झाला. शिवाय गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाईही राज्याने तेव्हा योजनेतून काढली. म्हणजे पंचनाम्याचं वजन वाढलंच.

आणि पंचनाम्यात नाव कुणाचं लागतं? सातबाऱ्यावर असेल त्याचं. नवरा कामाला नाशिकला, शेत ती सांभाळते, तलाठ्याला बांधावर नेऊन दाखवतेही तीच, पण पैसे त्याच्या खात्यात. 1986 मध्ये आपल्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं होतं. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' चालवली, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. इतकी वर्षं झाली, तरी घरी हा विषय काढला की "तुला काय कमी आहे?" असंच ऐकायला मिळतं. कमी काही नाही हो, कागदावर नाव नाही एवढंच!

तर मैत्रिणींनो, पाडव्याच्या आत एवढं कराच. आपल्या स्वतःच्या फोनवर हवामान खात्याचं 'मौसम' आणि विजेचा इशारा देणारं 'दामिनी' घ्या. जमत नसेल तर शाळकरी मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत करून देईल. रब्बीची ई-पीक पाहणी झाली आहे का, ते घरात विचारा. नुकसान झालंच तर आवरायला लागण्याआधी तारखेसकट फोटो काढा. आभाळ गडगडलं की कांद्यावर ताडपत्री टाकायला धावण्याआधी शेतातल्या बायांना पक्क्या घरात आणा. झाडाखाली मुळीच नको, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नको. कांदा भिजला तर निवडता येतो.